बँकेतून दवाखान्याकडे : डॉ. नचिकेत मोर यांची वाटचाल

खेड्यातील माणसापर्यंत बँक कशी न्यावी आणि दवाखाना कसा न्यावा, हे दोन प्रश्न सरकारदरबारी दोन वेगळ्या खात्यांचे मानले जातात. वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या घरात मात्र ते एकाच दिवशी उभे राहतात. घरातील माणूस आजारी पडले की आधी हातउसने, मग सावकार, मग दागिना आणि शेवटी शेताचा तुकडा, हा क्रम अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांना नवा नाही. या दोन्ही प्रश्नांना एकाच कारकिर्दीत हात घालणारे अधिकारी देशात मोजकेच आहेत. डॉ. नचिकेत मोर हे त्यांपैकी एक होत.

आयसीआयसीआय बँकेचे संचालक, ग्रामीण वित्तसेवेचे पुरस्कर्ते, तामिळनाडूतील ग्रामीण आरोग्यकेंद्रांच्या प्रयोगाचे मार्गदर्शक, रिझर्व्ह बँकेच्या गाजलेल्या समितीचे अध्यक्ष आणि गेट्स प्रतिष्ठानाचे भारतातील प्रमुख, अशा पायऱ्यांनी ही कारकीर्द घडली. पैसा पोहोचविण्यासाठी यशस्वी ठरलेली यंत्रणा औषधोपचार पोहोचविण्यासही उपयोगी पडते काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या वाटचालीत शोधता येते. वऱ्हाडाला या उत्तराची गरज इतरांपेक्षा अधिक आहे.

मुंबईतील घडण

मोर यांनी मुंबई विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून १९८७ मध्ये ते आयसीआयसीआयमध्ये दाखल झाले. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. वित्त हा त्यांच्या अभ्यासाचा विशेष विषय होता. २००४ मध्ये येल विद्यापीठाच्या जागतिक अभ्यासवृत्तीसाठीही त्यांची निवड झाली.

त्या काळची आयसीआयसीआय आजच्या बँकेसारखी नव्हती. १९५५ मध्ये जागतिक बँक, भारत सरकार आणि उद्योगक्षेत्र यांच्या सहकार्याने उभी राहिलेली ही संस्था कारखान्यांना दीर्घ मुदतीची कर्जे देत असे. १९९४ मध्ये तिने आयसीआयसीआय बँक स्थापन केली आणि २००२ मध्ये मूळ संस्थाच बँकेत विलीन झाली. प्रथम नारायणन वाघुल आणि नंतर के. व्ही. कामत यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या स्थित्यंतराच्या काळात मोर संस्थेत वरच्या पदांवर पोहोचले. २००१ ते २००७ या काळात ते बँकेच्या संचालक मंडळावर होते. कामत यांच्यानंतर बँकेची सूत्रे कोणाकडे जाणार, या चर्चेत त्यांचेही नाव घेतले जात असे.

खेड्यातील कर्ज, शहरातील भांडवल

२००१ मध्ये बँक ऑफ मदुरा आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. या जुन्या दाक्षिणात्य बँकेबरोबर तामिळनाडूतील ग्रामीण शाखा आणि महिलांच्या बचत गटांना कर्ज देण्याचा अनुभव आयसीआयसीआयकडे आला. गरीब महिला कर्ज वेळेवर फेडतात, हे तेथे दिसून आले होते. प्रत्येक गावात शाखा उघडणे मात्र खासगी बँकेला परवडणारे नव्हते.

मोर यांच्या देखरेखीखालील ग्रामीण विभागाने यावर वेगळा तोडगा काढला. गावपातळीवर काम करणाऱ्या सूक्ष्म वित्त संस्था कर्जदार निवडतील, हप्ते गोळा करतील आणि कर्ज मात्र बँकेच्या खात्यावर राहील, अशी ही भागीदारी होती. कर्ज बुडाल्यास नुकसानीचा पहिला वाटा संस्थेने सोसायचा असे. त्यामुळे तिच्यावर काळजीपूर्वक कर्जवाटप करण्याची जबाबदारी राहत होती. छोट्या संस्थांकडे स्वतःचे भांडवल तुटपुंजे असते. मुंबईचा पैसा या पद्धतीने थेट गावात पोहोचू लागला. छोट्या कर्जांचा गठ्ठा बांधून तो बँकेने विकत घेण्याचा व्यवहारही याच काळात झाला. भारतीय सूक्ष्म वित्ताच्या इतिहासात त्याची नोंद आरंभीच्या व्यवहारांत केली जाते.

या पद्धतीच्या मर्यादाही लवकरच उघड झाल्या. २००६ मध्ये आंध्र प्रदेशातील कृष्णा जिल्ह्यात वसुलीच्या तक्रारींवरून प्रशासनाने सूक्ष्म वित्त संस्थांच्या शाखांना टाळे ठोकले. ग्राहकाची ओळख पटविण्याच्या नियमांवरून भागीदारीच्या पद्धतीलाही अडचणी आल्या. पुढे २०१० मध्ये आंध्र सरकारने वसुलीवर कडक निर्बंध घालणारा अध्यादेश काढला. विदर्भालाही याचा पुढे अनुभव आला. नोटाबंदीनंतर २०१६-१७ मध्ये अमरावती विभागासह विदर्भात सूक्ष्म कर्जांची वसुली थंडावली आणि महिला कर्जदारांनी कर्जमाफीची मागणी लावून धरली. कर्ज गावात पोहोचले म्हणजे कुटुंब सावरलेच, असे होत नाही. ज्या घरात उत्पन्न अनिश्चित आहे आणि आजारपणाचा खर्च कधीही उभा राहू शकतो, तेथे साप्ताहिक हप्ता हेच नवे संकट ठरू शकते.

वऱ्हाडात याच काळात कर्जाच्या प्रश्नाने गंभीर रूप धारण केले होते. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी २००६ मध्ये विदर्भाचा दौरा केला. त्या वेळी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. तिचा भर सिंचन, व्याजमाफी आणि बियाणे यांवर होता. आत्महत्यांच्या कारणांचा शोध घेणाऱ्या अभ्यासांत कर्जबाजारीपणाबरोबर घरातील आजारपणाचाही उल्लेख येत होता. उपाययोजनेत मात्र त्याला दुय्यम स्थान मिळाले.

कार्डाची करामत

गावात शाखा नसताना ग्राहकाची ओळख कशी पटवायची आणि व्यवहाराची नोंद कशी ठेवायची, ही ग्रामीण बँकिंगची जुनी अडचण होती. तिच्यावर उपाय म्हणून २००६ मध्ये आयसीआयसीआयच्या पुढाकाराने फिनो ही कंपनी उभी राहिली. बोटाचा ठसा साठविणारे कार्ड, हातात मावणारे यंत्र आणि गावातच राहणारा प्रतिनिधी ही तिची तीन साधने होती. निरक्षर माणसाला सही करावी लागत नसे. त्याचा अंगठा हीच त्याची ओळख ठरे.

बँकेसाठी घडविलेले हे साधन लवकरच आरोग्याच्या क्षेत्रात आले. केंद्र सरकारने २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील पाच जणांना मिळून वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार विनारोकड मिळावेत, अशी तिची रचना होती. कुटुंबाने नोंदणीसाठी फक्त ३० रुपये भरायचे होते. विम्याचा हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरणार होते. ही सारी योजना बोटांच्या ठशांच्या कार्डावर उभी होती आणि ती कार्डे तयार करून देणाऱ्या कंपन्यांत फिनोचाही समावेश होता.

महाराष्ट्रात ही योजना ज्या जिल्ह्यांत राबविली गेली, त्यांत अमरावती होता. जिल्ह्यातील नोंदणी, कार्डांचे वाटप, प्रत्यक्ष वापर आणि लाभार्थ्यांची मते यांवर एक अभ्यास २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. योजना कागदावर कशी आहे आणि गावात कशी उतरते, या तपासणीसाठी अभ्यासकांनी अमरावतीची निवड केली, ही बाब या विषयातील जिल्ह्याचे स्थान दाखविते.

कार्डाच्या योजनेत एक मूळची उणीव होती. तिचा लाभ रुग्णालयात दाखल झाल्यावरच मिळत असे. ताप, खोकला, रक्तदाब, मधुमेह यांसाठी डॉक्टरकडे मारलेल्या खेपा आणि रोजची औषधे तिच्या कक्षेबाहेर होती. गरीब कुटुंबाचा पैसा थेंबाथेंबाने तेथेच झिरपतो. शिवाय कार्ड खिशात असले तरी ते स्वीकारणारे रुग्णालय जवळ असावे लागते. धारणी तालुक्यातील रुग्णाला मोठ्या उपचारांसाठी घाटरस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवरील अमरावती गाठावी लागते. बँकेचे यंत्र पिशवीत घालून गावोगाव नेता येते, शस्त्रक्रियागृह तसे नेता येत नाही.

तंजावरचा प्रयोग

२००७ मध्ये मोर बँकेच्या संचालक मंडळातून बाहेर पडले. पाठोपाठ सुरू झालेल्या आयसीआयसीआय फाउंडेशन फॉर इन्क्लुझिव्ह ग्रोथ या संस्थेची धुरा त्यांनी स्वीकारली. देशातील मोठ्या खासगी बँकेच्या सर्वोच्च पदाच्या शर्यतीतील माणसाने सामाजिक संस्थेकडे वळावे, ही त्या वेळी उद्योगजगतात चर्चेची बाब ठरली.

त्यांच्या कामाचे केंद्र आता चेन्नई आणि तंजावर येथे सरकले. चेन्नईच्या आयएफएमआर न्यासाने क्षेत्रीय ग्रामीण वित्तसेवा या नावाने २००८ पासून छोट्या शाखांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला. येथील कर्मचारी कर्ज विकण्याआधी कुटुंबाची जमीन, जनावरे, देणी, मुलांचे शिक्षण आणि कमावत्या माणसाचे आरोग्य यांची सविस्तर नोंद घेत. मग त्या घराला कर्जाची गरज आहे, बचतीची आहे की विम्याची, हे ठरवीत. कर्जवाटपाचे उद्दिष्ट गाठण्यापेक्षा कुटुंबाची एकूण स्थिती सुधारणे महत्त्वाचे, हा विचार पुढे रिझर्व्ह बँकेच्या अहवालातही उमटला.

याच जिल्ह्यात आरोग्याचा प्रयोग उभा राहिला. सार्वजनिक आरोग्यातील तंत्रज्ञानासाठी स्थापन झालेली आयसीटीपीएच ही संस्था आणि सुगवाळ्वु हेल्थकेअर ही आरोग्यसेवा देणारी संस्था यांनी मिळून ग्रामीण सूक्ष्म आरोग्यकेंद्रे सुरू केली. सुगवाळ्वुचे अध्यक्षपद मोर यांच्याकडे होते. साधारण १०,००० लोकवस्तीला एक केंद्र, असा हिशेब ठेवण्यात आला होता.

या केंद्रांची रचना समजून घेण्यासारखी आहे. एमबीबीएस डॉक्टर खेड्यात टिकत नाहीत, हे गृहीत धरून तेथे आयुष शाखेच्या पदवीधरांना नेमण्यात आले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या परिचर्या विद्यालयाच्या मदतीने त्यांच्यासाठी खास प्रशिक्षणक्रम तयार झाला. कोणत्या लक्षणांवर काय तपासावे, कोणते औषध द्यावे आणि रुग्णाला पुढे केव्हा पाठवावे, याच्या लिखित कार्यपद्धती ठरविण्यात आल्या. प्रत्येक रुग्णाची नोंद संगणकावर होत असे. गावातील महिला घरोघरी जाऊन पाहणी करीत आणि रक्तदाब, मधुमेह यांसारख्या आजारांचा धोका असलेली माणसे आजारी पडण्यापूर्वीच हेरीत. रुग्ण येईल तेव्हा पाहू, ही दवाखान्याची नेहमीची रीत येथे उलटी करण्यात आली होती.

बँकेतील अनुभवाची छाप या मांडणीवर स्पष्ट दिसते. गावाजवळचे छोटे केंद्र, ठरीव कार्यपद्धती, संगणकावरील नोंद आणि स्थानिक प्रतिनिधी, हे सर्व ग्रामीण बँकिंगमधूनच आलेले होते. असे असले तरी हा प्रयोग देशभर पसरला नाही. याच गटाने सुरू केलेली ग्रामीण वित्त आणि भांडवल उभारणीची कामे अनेक राज्यांत पोहोचली. आयएफएमआर कॅपिटल ही कंपनी नॉर्दर्न आर्क या नावाने २०२४ मध्ये शेअर बाजारात दाखल झाली. आरोग्यकेंद्रे मात्र तंजावर परिसरापुरती राहिली.

या तफावतीचे स्पष्टीकरण दोन्ही व्यवसायांच्या स्वरूपात सापडते. कर्ज देणाऱ्याला व्याज मिळते आणि त्यातून पुढची शाखा उभी राहते. प्राथमिक उपचारात रुग्ण जितका निरोगी राहील, तितके केंद्राचे उत्पन्न घटते. मधुमेह आटोक्यात ठेवल्याने दहा वर्षांनी वाचणारा रुग्णालयाचा खर्च केंद्राच्या गल्ल्यात जमा होत नाही. गरीब माणूस ऐन संकटात हजारो रुपये उभे करतो, पण निरोगी असताना तपासणीसाठी पन्नास रुपये देण्यास तो सहसा तयार नसतो. खर्चाचा भार आगाऊ आणि सामूहिकरीत्या उचलणारी व्यवस्था मागे उभी असल्याशिवाय असे केंद्र स्वतःच्या पायांवर उभे राहणे अवघड असते.

सार्वत्रिक आरोग्यसेवेचा अहवाल

नियोजन आयोगाने २०१० मध्ये सार्वत्रिक आरोग्यसेवेसाठी उच्चस्तरीय तज्ज्ञ गट नेमला. डॉ. के. श्रीनाथ रेड्डी त्याचे अध्यक्ष होते. मोर यांच्याबरोबर गडचिरोलीचे डॉ. अभय बंग हेही या गटात सदस्य होते. मुंबईच्या बँकेत घडलेला अर्थतज्ज्ञ आणि विदर्भाच्या आदिवासी भागात काम करणारा डॉक्टर एकाच अहवालासाठी एकत्र आले होते.

गटाने २०११ मध्ये अहवाल दिला. आरोग्यावरील सरकारी खर्च बाराव्या योजनेअखेर सकल उत्पादनाच्या अडीच टक्क्यांपर्यंत आणि २०२२ पर्यंत तीन टक्क्यांपर्यंत न्यावा, हा पैसा मुख्यतः करांतून उभारावा आणि खर्चाचा मोठा हिस्सा प्राथमिक सेवेवर व्हावा, अशा त्याच्या प्रमुख शिफारशी होत्या. सरकारच्या वतीने सेवा खरेदी करण्याचे काम विमा कंपन्यांकडे सोपवू नये, असेही अहवालाने सुचविले. ग्रामीण आरोग्यासाठी तीन वर्षांचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम असावा, ही शिफारस तंजावरच्या प्रयोगाशी जुळणारी होती.

यांतील बऱ्याच शिफारशी कागदावर राहिल्या. सरकारी खर्च २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने पुन्हा मांडले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी असली तरी शंभरातील जवळजवळ चाळीस रुपये अजूनही रुग्णाच्या घरातूनच जात होते.

मोर समिती

रघुराम राजन यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदाची सूत्रे हाती घेतली. त्याच महिन्यात छोटे उद्योग आणि अल्प उत्पन्न गटातील कुटुंबे यांच्या वित्तसेवेसाठी मोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. मोर तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळावरही होते. समितीने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल सादर केला. मोर यांचे नाव बँकिंग क्षेत्राबाहेरही पोहोचले ते याच अहवालामुळे.

अठरा वर्षांवरील प्रत्येक रहिवाशाला १ जानेवारी २०१६ पर्यंत इलेक्ट्रॉनिक बँक खाते मिळावे आणि पैसे भरण्या-काढण्याची सोय घरापासून पंधरा मिनिटे चालण्याच्या अंतरावर असावी, हे अहवालाचे उद्दिष्ट होते. ठेवी घेणाऱ्या आणि पैसे पाठविणाऱ्या, परंतु कर्ज न देणाऱ्या पेमेंट बँका सुरू कराव्यात, असे समितीने सुचविले. ग्राहकाला न मानवणारी वित्तसेवा त्याच्या गळ्यात मारल्यास त्याची जबाबदारी विकणाऱ्या संस्थेवर यावी, ही तिची आणखी एक महत्त्वाची शिफारस होती.

ऑगस्ट २०१४ मध्ये जन धन योजना सुरू झाली. ऑगस्ट २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ११ अर्जदारांना पेमेंट बँकांसाठी तत्त्वतः मंजुरी दिली. त्यांत टपाल खाते आणि फिनो यांचा समावेश होता. फिनोची पेमेंट बँक २०१७ मध्ये, तर टपाल खात्याची १ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. पोस्टमनच्या हातातील यंत्रावर अंगठा लावून निराधार योजनेचे अनुदान घरबसल्या काढण्याची सोय त्यातूनच गावांत आली. या सर्व बँका टिकल्या नाहीत. काही अर्जदारांनी परवान्याआधीच माघार घेतली, काहींनी नंतर व्यवसाय बंद केला. नियमपालनातील त्रुटींवरून रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पेटीएम पेमेंट्स बँकेवर कठोर निर्बंध घातले.

त्याच सुमारास विदर्भात नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका आर्थिक अडचणीत सापडल्या होत्या आणि ठेवीदारांचे पैसे अडकले होते. ज्या भागात जिल्हा बँक हाच शेतकऱ्याचा मुख्य आधार होता, तेथे गावातच पैसे काढण्याची दुसरी सोय असणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

गेट्स प्रतिष्ठान आणि नंतर

२०१६ मध्ये मोर बिल आणि मेलिंडा गेट्स प्रतिष्ठानाचे भारतातील प्रमुख झाले. बिहार आणि उत्तर प्रदेश येथील मातृ-बालआरोग्य, लसीकरण, क्षयरोग आणि स्वच्छता हे प्रतिष्ठानाच्या कामाचे मुख्य विषय होते. परदेशी निधीवरील संस्थेचा प्रमुख रिझर्व्ह बँकेच्या मंडळावर असावा काय, असा आक्षेप स्वदेशी जागरण मंचाने घेतला. मुदत पूर्ण होण्यापूर्वीच २०१८ मध्ये त्यांचे रिझर्व्ह बँकेच्या मंडळावरील सदस्यत्व संपुष्टात आले. २०१९ मध्ये प्रतिष्ठानाची सूत्रे हरी मेनन यांच्याकडे गेली.

त्यानंतर मोर यांनी अध्यापन आणि लेखनावर लक्ष केंद्रित केले. चेन्नईच्या बॅनियन अकादमीशी ते निगडित राहिले. भारताच्या आरोग्यव्यवस्थेच्या फेरमांडणीसाठी डिसेंबर २०२० मध्ये स्थापन झालेल्या लॅन्सेट नागरिक आयोगातही त्यांनी काम केले. आगाऊ घेतलेला पैसा आणि प्रत्यक्ष उपचार या दोहोंची जबाबदारी एकाच संस्थेकडे असावी, म्हणजे माणसाला निरोगी ठेवण्यात तिचाच फायदा राहील, असा त्यांच्या अलीकडच्या मांडणीचा गाभा आहे. तंजावरच्या केंद्रांपुढे उभी राहिलेली अडचण सोडविण्याचा हा एक मार्ग आहे.

विदर्भाला ही कल्पना अगदीच अपरिचित नाही. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून परिसरातील गावांसाठी आरोग्यविमा चालविला. सुगीच्या वेळी गावकऱ्यांनी ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि वर्षभर गावाला औषधोपचार मिळायचे, अशी डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने घडलेली ही रीत होती. पैसा गोळा करणारी आणि उपचार करणारी संस्था तेथे एकच होती.

वऱ्हाडातील ताळेबंद

कार्डापासून उपचारापर्यंतचा प्रवास वऱ्हाडात कसा झाला, हे येथील नोंदींवरून तपासता येते. राज्य सरकारने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्यांत अमरावती होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती अकोल्यासह राज्यभर लागू झाली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारकांना ९७२ उपचार आणि शस्त्रक्रियांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तिने दिले. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील पांढरे शिधापत्रक असलेले शेतकरीही तिच्या कक्षेत आले. त्यांत वऱ्हाडातील पाचही जिल्हे आहेत. २०२३ मध्ये संरक्षणाची मर्यादा पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय झाला.

मोठ्या शस्त्रक्रियेच्या खर्चाचा भार यामुळे हलका झाला. उपचाराची ठिकाणे मात्र सावकाश वाढली. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले. अमरावती हे विभागाचे मुख्यालय असूनही तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्यास २०२४ साल उजाडावे लागले. अनेक गंभीर रुग्णांना नागपूरची वाट धरावी लागते आणि सोबतच्या नातेवाइकांचा प्रवास, राहणे, बुडालेली मजुरी हा खर्च कोणत्याही कार्डात बसत नाही.

मेळघाटात तंत्रज्ञानाचीही परीक्षा झाली. धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने डिजिटल गाव म्हणून पुढे आले. इंटरनेट, रोकडविरहित व्यवहार आणि दूरस्थ वैद्यकीय सल्ला या सोयी तेथे एकत्र आणण्याचा संकल्प होता. बँक आणि दवाखाना एकाच तारेवरून गावात आणण्याचा हा प्रयत्न होता. प्रत्यक्षात किती सोयी चालू आहेत, यावरून २०१९ च्या निवडणूक प्रचारात मोठा वाद झाला. पडद्यावर डॉक्टर दिसला तरी सुई टोचणारा, नाडी पाहणारा आणि औषध देणारा माणूस गावातच लागतो.

असा माणूस घडविण्याचे काम विदर्भात इतर मार्गांनी झाले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत गावातील महिलांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. नवजात बालकांची घरीच काळजी घेतल्याने त्यांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धारणीजवळील उतावली येथे डॉ. आशीष सातव यांची 'महान' संस्था कोरकू गावांतील आरोग्यसेविकांच्या बळावर बालमृत्यूंविरुद्ध काम करीत आली आहे. मेळघाटातील भरारी पथकांत प्रामुख्याने बीएएमएस डॉक्टर काम करतात. म्हणजे तंजावरने ज्या मनुष्यबळावर भिस्त ठेवली, ते वऱ्हाडात आधीपासूनच आहे. त्याला लागणारे पद्धतशीर प्रशिक्षण, नोंदींची साथ आणि नियमित मानधन यांचीच उणीव आहे.

मोर यांच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना हे दोन्ही भाग शेजारी ठेवावे लागतात. पंधरा मिनिटांच्या अंतरावर पैसे मिळण्याची सोय हे २०१४ मध्ये स्वप्न वाटत होते, ते बऱ्याच गावांत प्रत्यक्षात आले. पैसा हा आकडा आहे आणि आकडा तारेवरून पाठविता येतो. त्यासाठी कार्ड, यंत्र आणि नियम पुरेसे ठरले. उपचाराला याखेरीज शिकलेला माणूस, औषधाचा साठा आणि निरोगी माणसांचाही भार आगाऊ उचलणारा निधी लागतो. याच पंधरा मिनिटांच्या अंतरावर रक्तदाब मोजून नियमित औषध देणारे कोणी असावे, अशी मुदत घालून दिलेली समिती अद्याप नेमली गेलेली नाही. वऱ्हाडातील सावकाराच्या दारची वाट मोडण्यासाठी तिचीच अधिक गरज आहे.

कारकीर्द : एक दृष्टिक्षेप

१९८७ : आयसीआयसीआयमध्ये प्रवेश
२००१ ते २००७ : आयसीआयसीआय बँकेच्या संचालक मंडळावर
२००४ : येल विद्यापीठाची जागतिक अभ्यासवृत्ती
२००८ पासून : आयसीआयसीआय फाउंडेशन, तंजावर जिल्ह्यात ग्रामीण वित्तसेवा आणि आरोग्यकेंद्रांचे प्रयोग
२०१०-११ : नियोजन आयोगाच्या सार्वत्रिक आरोग्यसेवा तज्ज्ञ गटाचे सदस्य
२०१३-१४ : रिझर्व्ह बँकेच्या वित्तसेवा समितीचे अध्यक्ष
२०१६ ते २०१९ : गेट्स प्रतिष्ठानाचे भारतातील प्रमुख
२०१८ : रिझर्व्ह बँकेच्या मंडळावरील सदस्यत्व संपुष्टात
२०२० : लॅन्सेट नागरिक आयोगात सहभाग